पाटावरचा दांडू

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं आयुष्यात एकदाही अंगणात उतरून मोजमाप घेतलेलं नसणार, असं सदूभाऊ शिरधनकरांचं ठाम मत होतं. अंगणं वाकडी असतात. सदूभाऊ रत्नागिरीला जमीन मोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तिरके बांध, सरकलेल्या हद्दी आणि शेजाऱ्याच्या आवारात शिरलेले फणस यांवरच त्यांचा संसार चालला होता. तेव्हा कुणी हरून अंगणाला नावं ठेवू लागला, तर आधी साखळी लावून अंगण बघावं आणि मग हसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा साधा न्याय त्यांना सख्ख्या मेव्हण्याकडून मिळाला नाही आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

मेव्हण्याचं नाव बाळा. सदूभाऊंच्या बायकोचा, म्हणजे मालनवहिनींचा, हा धाकटा भाऊ मुंबईला रेडिओ-टीव्ही जोडायच्या कारखान्यात होता, त्यामुळे विजेच्या बाबतीत देवाच्या खालोखाल आपलाच शब्द अशी त्याची समजूत होती. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात सदूभाऊ सहकुटुंब त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं टीव्हीला जोडायचा एक खेळ काढला. पडद्यावर नदी, नदीत होडी, मधेमधे खडक. आपल्या हातात एक काळी डबी, डबीत रोवलेला बोटभर दांडू आणि कोपऱ्यात लाल बटण. दांडू डावीकडे कलवला की होडी डावीकडे, उजवीकडे कलवला की उजवीकडे, बटण दाबलं की वेग. खडक चुकवत जो लांब जाईल तो जिंकला.

सदूभाऊ तिसऱ्या खडकापुढे एकदाही गेले नाहीत. त्याचंही दुःख नव्हतं. माणूस हरतो. पण होडी वळवताना सदूभाऊ स्वतःच त्या बाजूला कलंडत, जीभ बाहेर काढत आणि आपटल्यावर डबीकडे असं बघत, की जणू तिनंच हद्दीचा दगड चोरलाय. बाळानं शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर याची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले. मालनवहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या, हे सदूभाऊंनी पाहिलं आणि मनात ठेवलं.

“खेळाची डबी गैरसोयीची आहे रे,” सदूभाऊ म्हणाले.

“भावोजी, नाचता येईना अंगण वाकडे!” बाळा म्हणाला. “गणपतीत येतोच मी. तिकडच्या मंडळींनापण करून दाखवतो.”

गणपतीला सदूभाऊंच्या घरी अख्खं शिरधनकर कूळ जमतं. चुलत्यांसमोर, चुलत चुलत्यांसमोर आणि ज्यांच्या वाटणीच्या कज्जात आपण मोठ्या तोंडानं निवाडे दिले त्या भाऊबंदांसमोर हा प्रयोग होणार, या विचारानं सदूभाऊंची झोप उडाली. गणपतीपर्यंत या खेळात बाळाला हरवायचं, नाहीतर कुळात तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांनी परतीच्या एस्टीत, सावर्ड्याच्या थांब्यावर चहा पिताना ठरवून टाकलं.

आळीच्या टोकाला हुसेन तांडेल राहत. उभा जन्म मचव्यावर काढलेला म्हातारा आणि मुलगा हमीद दुबईला. हमीदच्या घराच्या उताऱ्यातला घोळ सदूभाऊंनी एकदा निस्तरून दिला होता, तेव्हापासून तो दर खेपेला विचारी, “सदूभाव, तुमास्नी काय आणू?” यंदा मालनवहिनींनी आधीच बजावून ठेवलं होतं, मिक्सर. पाट्यावर वाटण वाटून त्यांचा खांदा धरत असे आणि आळीतल्या तीन घरांत मिक्सर घरघरायला लागले होते. सदूभाऊंनी मान डोलावली, हमीदला काय हवं ते कळवलं, आणि जूनमध्ये हमीद उतरला तो टीव्हीचा खेळ घेऊन.

मालनवहिनी खोक्यावरच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“यात खोबरं वाटलं जातं का?” त्यांनी विचारलं.

सदूभाऊंनी खोकं उचललं आणि माजघरात नेलं. अशा प्रश्नांना उत्तर नसतं, हे ते कचेरीत शिकले होते.

टीव्ही घरात होता. पण तेव्हा आमच्याकडे त्याच्यावर दिवसभर मुंग्याच दिसायच्या, त्यामुळे त्याच्यावर स्पष्ट दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे सदूभाऊंची होडी. कचेरीतून आले की ते चटईवर मांडी ठोकून बसत आणि सराव सुरू होई. सराव मुका नव्हता. “डावीकडे... डावीकडे गो बये... आता उजवीकडे! मेलो!” हे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाई. पंधरवड्यात त्यांच्या डाव्या तळव्याला डबीच्या कोपऱ्यांचे वळ उठले आणि अंगठा सुजला. डॉक्टरांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “हेडक्लार्कचा अंगठा सुजण्यासारखं कचेरीत सध्या काय चाललंय?” सदूभाऊंनी पाण्याची बादली सांगितली.

होडी मात्र तिसऱ्या खडकावरच फुटत होती. तेव्हा सदूभाऊंनी खेळ थांबवून विचार केला आणि त्यांना लख्ख दिसलं, की हा दांडू खुर्चीत बसणाऱ्या, लांब बोटांच्या आणि जेवताना काटे वापरणाऱ्या माणसासाठी केलेला आहे. मांडी घालून बसणाऱ्याचा कुणी विचारच केलेला नाही. डबी मांडीवर ठेवली तर घसरते, हातात धरली तर रुतते, जमिनीवर ठेवली तर पळते. दांडू एवढा बारीक, की मुठीत धरावा तर मूठ रिकामी आणि चिमटीत धरावा तर होडी चालवतोय की तपकीर ओढतोय ते कळत नाही. अंगण वाकडं होतं. आता ते सरळ करणं आलं.

ही बातमी आळीत फुटायला वेळ लागला नाही. हुसेन तांडेल सकाळीच येऊन ओटीवर बसले. त्यांनी एकदा होडी चालवून पाहिली, पहिल्याच खडकावर फोडली आणि डबी खाली ठेवली.

“सदूभाव, ह्यो सुकाणू उलटा हाय.”

“उलटा कसा?”

“सुकाणूचा दांडा डावीकडं दाबला तर होडी उजवीकडं जाते. साऱ्या दर्यावर तसाच हाय. हितं डावीकडं दाबला तर डावीकडंच जाते! आसा सुकाणू हर्णैच्या बंदरात नेलात, तर हसून मरतील लोकं. तारा बदलून घ्या.”

“पण बाळाची होडी अशीच चालते हो, हुसेनचाचा.”

“बाळा कदी दर्यावर गेलाय?” म्हातारा म्हणाला. तारा बदलायच्या नाहीत एवढं मात्र सदूभाऊंनी निश्चित केलं. हुसेनचाचा त्यानंतर दर सकाळी येऊन “बदलल्या काय?” असं विचारू लागले.

दुसरा खोडा सदूभाऊंनी स्वतःच घालून घेतला. टीव्हीचं लायसन त्यांच्याकडे होतं, पण टीव्हीला जोडलेल्या खेळाला वेगळं लायसन लागतं का, हा प्रश्न त्यांना पडला. तो प्रश्न साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला पडला नव्हता, पण सरकारी नोकरानं कागद नीट ठेवावेत म्हणून ते खोकं काखेत मारून पोस्टात गेले. काउंटरवरच्या माणसानं चष्मा पुसला.

“हे बाहेरचं काही पकडतं का?”

“नाही. हे नुसतं दाखवतं.”

“म्हणजे चित्र यातून निघतं आणि टीव्हीत जातं?”

“होय.”

“मग हे प्रक्षेपण झालं, शिरधनकर. त्याची परवानगी मी कशी देणार? दिल्लीला लिहावं लागेल. इथं खोकं सोडून जाता का?”

सदूभाऊ खोकं घेऊन मागच्या दारानं निघाले. पुढे बरेच दिवस पोस्टमन दिसला, की ते पेपर तोंडासमोर धरत.

शेवटी भागोजी सुतार आला. भागोजी कामाचा चोख, पण मापाशिवाय पटाशीला हात न लावणारा.

“मूठ कुणाची?” त्यानं विचारलं.

“माझी.”

“मग माप द्या. नारळ फोडायच्या कोयत्याची मूठ मी बापाला आणि मुलाला येगळी करतो. मऊ कायतरी आणा आणि ते आवळा. बोटं उमटतील तशी मूठ फणसाच्या लाकडात काढतो. दुसऱ्या कुणाच्या हातात बसायची नाय.”

योगायोगानं मालनवहिनी स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाचे मुटके वळत होत्या. उकडीचा गोळा घ्यायचा, मुठीत आवळायचा आणि बोटांच्या खुणांसकट थाळ्यात ठेवायचा. सदूभाऊंनी एक गोळा मागून घेतला. हा कुळातल्या आपल्या मानाशी संबंध असलेला क्षण आहे अशा गांभीर्यानं त्यांनी तो आवळला आणि थाळ्याच्या कडेला ठेवला. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. पोस्टमन असावा म्हणून सदूभाऊ घाईनं परसात गेले. ते परत येईपर्यंत भागोजी केळीच्या पानात माप गुंडाळून निघूनही गेला होता आणि थाळा चुलीवर चढला होता. रात्री जेवताना एक मुटका जरा आडदांड निघाला, आतून कच्चाही राहिला होता. सदूभाऊंनी तसं बोलून दाखवलं आणि मालनवहिनींनी ताटात आमटी जरा जोरानं वाढली.

चार दिवसांनी भागोजीनं मूठ आणून दाखवली. फणसाचं पिवळंजर्द लाकूड, बोटांसाठी सुरेख खोबणी, खाली दांडू गच्च बसेल असं भोक. सदूभाऊंनी ती हातात घेतली. करंगळीला जागा नव्हती आणि मधलं बोट दोन खोबणींच्या मधल्या उंचवट्यावर येत होतं. पण मापाविषयी एवढं बोलून झाल्यावर, आणि तेही मोजणीच्या कचेरीतल्या माणसानं, मूठ बसत नाही असं म्हणायचं कोणत्या तोंडानं?

“वा!” सदूभाऊ म्हणाले. “अगदी बेतशीर.”

“सरावानं सैल होईल,” भागोजी म्हणाला. मात्र या मुठीच्या वजनानं डबी लवंडायला लागली, तेव्हा ती एखाद्या जाड पाटात खोबण काढून बसवावी, म्हणजे माणूस मांडी घालून बसला तरी दांडू जागचा हलणार नाही, असंही त्यानंच सुचवलं. सदूभाऊंना ही कल्पना फारच आवडली. विळीच्या पाटावर बायका बसतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात, तेच तत्त्व. ते माळ्यावर चढले आणि हाताला लागला तो सगळ्यांत जाड पाट काढून त्यांनी भागोजीच्या खांद्यावर दिला.

आता माळ्यावर जपून ठेवलेला जाड पाट कोणता असतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण सदूभाऊंचं डोकं होडीत होतं.

श्रावण लागला. भागोजीचा पत्ता नव्हता. त्याच्या घरी दोनदा निरोप गेले, तेव्हा कळलं, की काम पुरं करून तो भावाच्या घराचं छप्पर शाकारायला सावर्ड्याला गेलाय. काम पुरं झालं तर पाट कुठंय, या विवंचनेत सदूभाऊ ओटीवर फेऱ्या मारत असताना मालनवहिनी बाजारातून आल्या आणि नवऱ्याकडे कधी नव्हे त्या कौतुकानं बघत म्हणाल्या, “पाट पोचला हो केरूकडे! दर वर्षी मी डोकं आपटते, पाट पाठवा, पाट पाठवा. यंदा न सांगता पाठवलात.”

सदूभाऊंच्या फेऱ्या जागच्या जागी थांबल्या.

प्रकार असा झाला होता. आमच्याकडे प्रत्येक घराचा गणपतीचा पाट ठरलेला असतो. श्रावणात तो मूर्ती करणाऱ्याच्या शाळेत जातो आणि त्याच्यावरच गणपती घडतो. भागोजीनं पाट उलटा केला, मागं जुन्या रंगात ‘शिरधनकर’ असं नाव वाचलं, आणि श्रावणात गणपतीचा पाट परत यजमानाच्या घरी नेणं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. डबी खोबणीत बसवून, तार मागच्या बाजूनं नीट ठोकून, त्यानं तो जाता जाता केरू मूर्तिकाराच्या शाळेत देऊन टाकला होता.

सदूभाऊ छत्रीसुद्धा न घेता धावले. केरूच्या शाळेत ओळीनं गणपती बसले होते. शिरधनकरांचा गणपती अंगानं पुरा झाला होता. त्याच्या पायाशी पाटाच्या कोपऱ्यात मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पायांत लाडू धरलेला, एक चांगला धष्टपुष्ट उंदीर होता.

“भाऊ, खुंटी झकास बसवलीत!” केरू म्हणाला. “तुमचा उंदीर दर साल लवंडतो. यंदा नाय हलायचा.”

“केरू,” सदूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “हा उंदीर जरा काढता येईल?”

केरूनं हातातली कोरणी खाली ठेवली. “देव बसलाय पाटावर, भाऊ. उंदीर काढून देवाला काय पायी पाठवू?”

“नाही, म्हणजे, खुंटी जरा हवी होती.”

“कशाला?”

देवाच्या पायाशी आपण मेव्हण्याला हरवायचं यंत्र रोवलंय, हे केरूला सांगायचं म्हणजे उद्या बाजारात पेपर छापून वाटण्यासारखंच होतं. सदूभाऊ घरी आले आणि खेळाबरोबर आलेल्या दुसऱ्या, साध्या डबीवर सराव करू लागले. होडी तिसऱ्या खडकावर फुटत राहिली.

बाळा आला तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हातात मिठाईचा पुडा आणि तोंडावर तेच हसू. दुसऱ्या दिवशी गणपती वाजतगाजत आले, मखरात बसले आणि पहिल्याच आरतीला झांजा सुरू झाल्या तशी चुलतकाकूंच्या लक्षात आलं, की उंदीर मान हलवतोय. उंदराच्या बुडाशी माती चिरली होती आणि आतला दांडू आपल्या रबरावर डुलत होता. झांज वाजली की उंदीर डोले, पाऊल वाजलं की डोले. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका ओळीनं आल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या आल्या. उंदरापुढे निराळी आरास मांडली गेली. बाळानं सगळ्यांना समजावलं, की श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत मातीत एक प्रकारची वीज भरते आणि हे शास्त्राला धरूनच आहे. मंडळींनी माना डोलावल्या, उंदरानंही डोलावली. हे सगळं बघत सदूभाऊ मखराच्या खांबाला टेकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच बाळा विजेविषयी धडधडीत चूक बोलत होता आणि ती चूक त्याच्या पदरात घालण्याची सोय नव्हती.

मोदकांचं जेवण झालं, सुपाऱ्या कातरल्या गेल्या आणि जे व्हायचं ते झालं. बाळानं टीव्ही लावला. कुळातले सगळे चटईवर बसले. सदूभाऊंनी साधी डबी हातात घेतली, कलंडले, जीभ बाहेर आली आणि तिसऱ्या खडकावर होडी फुटली. मग बाळा उठला आणि त्यानं नक्कल केली. या वेळी तर त्यानं डबीला शिव्या देणंही घातलं. मोजणीत ज्यांचा बांध सदूभाऊंनी सरळ केला होता ते बापूकाका हसता हसता ठसकले. सदूभाऊंचे कान लाल झाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, अगदी लहान पोरासारखं वाईट वाटलं.

मालनवहिनी या वेळी हसल्या नाहीत. नवऱ्याची टिंगल करण्याचा हक्क आपला, भावाला तो कुणी दिला, असं त्यांच्या मनात आलं.

“पुरे रे बाळ्या. त्यांचा चांगला दांडू दुसरीकडे आहे, म्हणून हरले.”

“कुठल्याही दांडूनं खेळू दे, ताई! मी तर म्हणतो, या घरातल्या कुणीही मला हरवावं. हरलो तर तुला मिक्सर पाठवतो. गणपतीसमोर सांगतोय.”

उंदरानं मान डोलावली.

गौरीबरोबर गणपती निघाले. मांडवीच्या किनाऱ्यावर गर्दी होती. पाट डोक्यावर घेण्याचा मान या वर्षी बाळानं मागून घेतला होता. तो छातीभर पाण्यात गेला, मूर्ती बुडवली आणि रिवाजाप्रमाणे पाट घेऊन वर आला. माती वाहून गेली होती. पाटाच्या कोपऱ्यात पिवळीजर्द मूठ ताठ उभी होती, शेजारी लाल बटण चमकत होतं आणि मागून काळी तार लोंबत होती.

मग हुसेन तांडेलांचा आवाज आला, “सदूभाव! तुमचा सुकाणू गावला!”

बाळाला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. तो पाण्यात उभा राहूनच हसायला लागला आणि घरापर्यंत हसत आला. उंदराला ज्यांनी नमस्कार केले होते त्या बायका मात्र सदूभाऊंकडे बघेनात. सदूभाऊ सगळ्यांच्या मागून, ओल्या धोतरानं, पाट छातीशी धरून चालत होते.

घरी आल्यावर मालनवहिनींनी पाट गोड्या पाण्यानं धुतला, खाचा-फटींतली वाळू काढली आणि चुलीच्या वरच्या फळीवर वाळत ठेवला. बाळाची मुंबईची गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. त्या दिवशी दुपारी त्यांनी पाट चटईवर आणून ठेवला. “घ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आला तुमचा दांडू.”

तार जोडली. होडी हलली. सारं कूळ पुन्हा बसलं, हुसेनचाचाही उंबऱ्याशी येऊन टेकले. सदूभाऊंनी मांडी घातली, मूठ धरली आणि करंगळी बाहेर राहिली. मधलं बोट उंचवट्यावर चढलं. त्यांनी हात बदलला, कूस बदलली, उकिडवे बसून पाहिलं. होडी पहिल्याच खडकावर फुटली. दुसऱ्यांदाही पहिल्याच खडकावर.

“आता काय वाकडं, भावोजी?” बाळा म्हणाला. “अंगण तर तुम्हीच बांधलंत!”

सदूभाऊ उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“सरा बघू सगळे,” मालनवहिनी म्हणाल्या. “पाट माळ्यावर टाकायचाय मला.” त्या पाट उचलायला वाकल्या, आधाराला म्हणून त्यांनी ती मूठ धरली आणि तशाच थांबल्या. चारही बोटं चारही खोबणींत जाऊन बसली होती. करंगळीसुद्धा. त्यांनी हात काढला, पुन्हा घातला. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, त्या दिवशी तो आडदांड मुटका...”

“कोणता मुटका?” सदूभाऊ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे भागोजीनं नेला तो...”

“माझा.”

मालनवहिनींनी पदर खोचला. एक पाय दुमडून आणि एक गुडघा उभा करून त्या पाटाच्या मोकळ्या टोकावर बसल्या, विळीवर बसतात तशा. “लाव रे बाळ्या. बघू तरी.”

होडी निघाली. पहिला खडक गेला. दुसरा गेला. त्या पडद्याकडे धड बघतही नव्हत्या, ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, “डावीकडे... डावीकडे गो बये... आता उजवीकडे...” जूनपासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ऐकून तिसऱ्या खडकापर्यंतची नदी त्यांना पाठ झाली होती. नवरा कुठं मरतो हे ठाऊक असलेल्या बाईनं तिथं फक्त मरायचं नाही, एवढंच बाकी होतं. तिसरा खडक आला. मूठ जराशी वळली. होडी खडकाला घासून पुढे गेली आणि जातच राहिली. सदूभाऊ खिडकीतून कधी चटईवर आले आणि बायकोच्या शेजारी बसून कधी डावी-उजवीकडे कलंडायला लागले, हे त्यांचं त्यांना कळलं नाही.

बाळानं आपली डबी घेतली, खेळला आणि बराच मागे राहिला. त्यानं पुन्हा मागितलं, पुन्हा मागे राहिला. मग “हा पाट मला द्या” म्हणून तो पाटावर बसला आणि त्याचा लांब, गोरा हात त्या मुठीत शिरेना.

“गैरसोयीचा दांडू आहे हा,” बाळा म्हणाला.

साऱ्या कुळानं एका सुरात ती म्हण म्हटली. बापूकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“तारा बदलल्या असत्यात तर अजून लांब गेल्या असत्या,” हुसेनचाचा जाता जाता म्हणाले.

सदूभाऊंचा मान राहिला की गेला, यावर आळीत बरेच दिवस दोन तट होते. सदूभाऊंच्या स्वतःच्या मनात मात्र शंका नव्हती. पाट त्यांनी निवडला होता, कल्पना त्यांची होती आणि मापात जी चूक झाली ती घरातल्या घरातच झाली होती. कचेरीत ते सांगत, “आमच्या दांडूनं मुंबईच्या कारखान्यातला माणूस हरवला.” कुणाच्या हातानं, ते विचारलं तरच सांगत. घरी एकदा, कुणी नसताना, त्यांनी मालनवहिनींना म्हटलं, “छान चालवलीस हो होडी.” त्या रात्री आमटी हळू वाढली गेली.

दिवाळीच्या आधी एस्टीच्या पार्सलातून मिक्सर आला. मालनवहिनींनी त्याला कुंकू लावलं, ओलं खोबरं घातलं आणि बटण फिरवलं. घरभर घरघर झाली. खांदा दुखला नाही. त्यांचा चेहरा एवढा फुललेला सदूभाऊंनी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

“नीट आहे ना?” त्यांनी विचारलं.

“झकास आहे. झाकण दाबून धरताना हात जरा अवघडतो, एवढंच.”

सदूभाऊ खुर्चीवरून उठले. त्यांनी मिक्सरभोवती एक फेरी मारली, मान वाकडी करून झाकणाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जूनमधली ती चमक पुन्हा आली.

“मी काय म्हणतो, भागोजी सावर्ड्याहून आलाय...”

मालनवहिनींनी मिक्सर दोन्ही हातांनी उचलला, कडेवर घेतला आणि त्या स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसल्या.